डिश गच्चीवरच लागते असं काही नाही – माझा अनुभव

पुण्यात आईबाबांच्या फ्लॅटवर डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत डिश सेवा) बसवली. डिश, बॉक्स, वायर सगळं एका दुपारी आलं, दरमहा रिचार्ज नाही म्हणून बाबा खूश. गाडी अडली ती सोसायटीत, गच्चीवर डिश लावायच्या परवानगीसाठी.

सेक्रेटरी म्हणाले अर्ज द्या, दिला. मग चेअरमनची सही हवी तर ते गावाला. आल्यावर म्हणे गच्चीचं वॉटरप्रूफिंग आत्ताच झालंय, ड्रिल मारलं की गॅरंटी जाते. बरं, ड्रिल नको, स्टँडवर काँक्रीटचे ब्लॉक ठेवून लावते म्हटलं तर विषय मीटिंगला ठेवला आणि मीटिंग कोरम नाही म्हणून तहकूब! किल्ली वॉचमनकडे, तो म्हणतो लेखी आणा. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आज काय म्हणाले गं, आणि सांगायला काहीच नसायचं. वयस्कर माणसांना साध्या बातम्या बघायच्यात, त्यासाठी किती हातापाया पडायचं? अजून डोकं तापतं.

शेवटी डिशवाले काकाच म्हणाले, "ताई, गच्ची हवीच कशाला?" बाबांना पटेना, कारण पूर्वी सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना लावायचे तेव्हा जितकी उंच तितकं चित्र स्वच्छ. पण फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, जवळपास ५९ अंश वर. म्हणजे समोरची बिल्डिंग अगदी खेटून नसेल तर आड येत नाही, आड येतो वरच्या मजल्याचा स्लॅब. म्हणून काकांनी डिश बाल्कनीच्या रेलिंगला बाहेरून क्लॅम्प केली, वर तारेने बांधली. डिश दिसायला बरीच समोर बघते, घाबरू नका, तिची रचनाच तशी असते, नजर वरच असते.

आणि हो, मोबाईलचा कंपास लोखंडी ग्रिलजवळ धरू नका, भलतीच दिशा दाखवतो. डिश फिरवताना टीव्हीच्या स्क्रीनवर सिग्नलची स्ट्रेंथ नाही, क्वालिटी बघायची, स्ट्रेंथ चुकीच्या सॅटेलाईटवरही भरलेली दिसते. क्वालिटी वर गेली, डीडी सह्याद्री लागलं आणि बाबा मोठ्याने म्हणाले "आलं!", मला इतकं हलकं वाटलं!

बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र पाठवायची नवी पद्धत) चालणाराच घ्या, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनल येत नाहीत. धो धो पावसात चित्र अडकतं तेव्हा डिशला हात लावायचा नाही, पाऊस ओसरला की आपोआप येतं.