742 सह्या, 741 मतं

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या मतदानाला कळव्यातल्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होते. दिवस सुरळीत गेला. रात्री साहित्य जमा करायच्या टेबलावर मात्र अडीच तास गेले. त्याचा राग अजून शमलेला नाही.

नोंदवहीत 742 सह्या होत्या, कंट्रोल युनिटवर (मतं साठवणाऱ्या यंत्रावर) टोटल 741. दुपारी एका आजोबांनी सही केली, शाई लावून घेतली आणि म्हणाले, "मला नाही द्यायचं मत." तो त्यांचा हक्क. नोंदवहीत शेरा लिहून त्यापुढे त्यांची सही घेतली आणि 17-ग मध्ये, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्ममध्ये, मत न देणाऱ्यांच्या रकान्यात 1 लिहिला. 742 वजा 1, हिशेब चोख.

टेबलावरच्या साहेबांनी फक्त दोन आकडे पाहिले. "मॅडम, सारखे पाहिजेत. 17-ग नवीन लिहून आणा." मी रकान्यावर बोट ठेवलं, त्यांनी मान वर केली नाही. पलीकडच्या टेबलावर पाठवलं, तिथून परत इकडे. पहाटे साडेपाचच्या अभिरूप मतदानापासून (यंत्र तपासायचा मॉक पोल) उभा असलेला आमचा शिपाई यंत्राच्या पेटीला टेकून पेंगत होता. आमच्यातलाच एक जण म्हणाला, "मॅडम, बदला ना एक आकडा, घरी जाऊ."

मी बदलला नाही. त्याच फॉर्मच्या सही केलेल्या प्रती संध्याकाळी उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना दिलेल्या होत्या. मोजणीच्या टेबलावर यंत्रातला आकडा 17-ग शीच ताडून बघतात. यंत्राला सील आहे, व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी मतदाराला 7 सेकंद दिसते, मोजणीत प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या 5 केंद्रांच्या चिठ्ठ्याही मोजतात. एवढी तजवीज केल्यावर मी रात्री बारा वाजता पेनाने आकडा फिरवायचा? लोकांनी यंत्रावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

पावणेदोनला वरिष्ठ अधिकारी आले. त्यांनी शेरा वाचला, वजाबाकी पाहिली आणि सही केली. दोन मिनिटांत पावती हातात. रिक्षाने विटाव्यावरून ऐरोलीला येताना मला रडूच आलं.

पुढच्या वेळी ड्युटी लागणाऱ्यांनी शेऱ्याच्या पानात खुणेची चिठ्ठी घालून ठेवा, टेबलावर पानं उलटत बसायला लागत नाही. सकाळचं एक राहिलं: अभिरूप मतदानाची 50 मतं झाल्यावर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं दाबल्याशिवाय आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील केल्याशिवाय खरं मतदान सुरू करू नका. व्हीव्हीपॅट खिडकीच्या उजेडात किंवा थेट बल्बखाली नको, एरर येतो. आणि साहित्य घेतानाच 17-ग चे कोरे फॉर्म मोजून घ्या, कमी असतील तर तिथेच मागा. माझ्याकडे सात प्रतिनिधी होते, शेवटच्या दोन प्रती साध्या कागदावर रकाने आखून लिहाव्या लागल्या.