पिवळ्या भिंतीत उभं राहायचं असेल तर

नाशकात आपण शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर बघतो ती बुंडेसलिगाची, म्हणजे जर्मन फुटबॉल लीगची मॅच तिकडे भर दुपारी साडेतीनला सुरू होते. पण बोरुसिया डॉर्टमुंड क्लबच्या गावात, डॉर्टमुंडमध्ये, शनिवार त्याच्या कितीतरी आधी उजाडतो. गावातल्या अल्टर मार्क्ट चौकात सकाळपासूनच पिवळ्या-काळ्या मफलरांची गर्दी. आजोबा, सून, नातू, सगळ्यांच्या अंगात तीच जर्सी.

सोबत माझा आतेभाऊ होता. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण दर गणपतीत पथकात ढोल वाजवतो. खरं सांगायचं तर स्टेडियम माझ्याआधी त्यालाच कळलं.

1974 सालचं क्लबचं हे स्टेडियम 81,365 प्रेक्षकांचं. त्यातल्या दक्षिणेकडच्या स्टँडला म्हणतात पिवळी भिंत. सुमारे 25,000 माणसं, सगळी उभी. उभ्याने मॅच बघायचा एवढा मोठा स्टँड युरोपात दुसरा नाही. खाली कठड्यापाशी एक जण मैदानाकडे चक्क पाठ करून उभा असतो. मॅच त्याच्या मागे चालू, याचं तोंड आमच्याकडे, हातात ध्वनिवर्धक. तो सुरुवात करून देतो, ढोल उचलतात, मग सगळी भिंत गाते. आतेभाऊ म्हणाला, "अरे, हा तर ताशेवाला! हा थांबला की सगळे थांबणार." अगदी तसंच. गोल झाला की निवेदक खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो, आडनाव लोक गर्जतात. तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून बिअरचा पाऊस पडतो, तेव्हा चांगले कपडे घालून जाऊ नका.

एक मात्र आहे, भिंतीत उभं राहिलं की भिंत दिसत नाही. मधल्या ब्लॉकमध्ये झेंड्यांमुळे कधीकधी चेंडूही दिसत नाही. लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील, तर बाजूच्या स्टँडमध्ये बसायची तिकिटं घ्या. तिथून मॅचही दिसते, भिंतही. एकटेदुकटे असाल तर मात्र उभेच राहा. दक्षिणेकडची बहुतेक जागा हंगामी पासवाल्यांची असते, त्यामुळे तिकीट अवघड. क्लबच्या सदस्यांना आधी संधी मिळते. नाहीच मिळालं तर क्लबच्याच अधिकृत पुनर्विक्रीवर नजर ठेवा. स्टेशनबाहेर कुणी तिकीट देऊ केलं, तर नमस्कार करून पुढे चला.

तारखेची गंमत आधीच लक्षात घ्या. वेळापत्रकात आधी फक्त आठवडा कळतो, शुक्रवार की शनिवार की रविवार हे पुष्कळ उशिरा ठरतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून विमान असं काढा की तिन्ही दिवस मोकळे राहतील. डिसेंबरअखेर लीगला सुट्टी असते, नाताळच्या रजेत जाऊन उपयोग नाही.

मॅचच्या दिवशी डॉर्टमुंडची हॉटेलं महाग होतात. बोखुममध्ये राहा, रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटं. आणि मॅचच्या तिकिटावरच त्या भागातली लोकल, मेट्रो, बस चालते, वेगळं काढू नका. मुख्य स्टेशनवरून यू-45 ही मेट्रो पकडायची. परतताना मात्र सगळी गर्दी एकदम फुटते, त्यापेक्षा गावाकडे चालत या. पाऊण तासाचा रस्ता, वाटेत क्रॉयत्सफिअर्टेलमधले बार खच्चून भरलेले असतात आणि मॅचचा पंचनामा तिथेच चालतो.

बॅग ए-फोर कागदाएवढीच. निळा शर्ट नको. निळा रंग शेजारच्या गेल्झनकिर्शनच्या शाल्के क्लबचा, आणि ते वैर खरं आहे. बिअरच्या ग्लासावर अनामत असते, परत केला की पैसे मिळतात. शाकाहाऱ्यांनी ब्रेत्झेल (पीळ घातलेला खारा पाव) आणि बटाट्याच्या फ्राइजवर भागवायचं. सॉसेजचा वास मात्र पाठ सोडत नाही.

या लोकांचा आवाज गाण्यापुरताच नाही. जर्मनीत क्लबमधली बहुमताची मतं सदस्यांच्या संस्थेकडेच राहावीत असा नियम आहे. 2024च्या सुरुवातीला लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं घाटत होतं, तेव्हा देशभरच्या प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून मॅचेस थांबवल्या. फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडला.

दुसरा दिवस हातात असेल तर मुख्य स्टेशनसमोरचं फुटबॉल संग्रहालय बघा, आणि मग बोर्सिगप्लाट्झ. 1909 साली क्लब तिथल्याच कामगार वस्तीत सुरू झाला. बघायला तसं काही नाही, एक गोल चौक आणि ट्राम. आमचा तिथे अर्धा तास सहज गेला.