ओम्नीचा रॅक, घरच्या अंगणात

आज जुन्या ओम्नीचा स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदलला. पॉवर स्टीअरिंग नसल्याने तेलाच्या पाइपांची कटकट नाही. पुढची बाजू दोन भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली अजिबात शिरू नका.

टाय रॉड एंडची (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्याची) स्प्लिट पिन, म्हणजे नट अडवून धरणारी दुमडलेली पिन, काढून नट सैल करा आणि पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) एंड सोडवा. थेट हातोडा मारला तर आटे बसतात. एंड जुन्या रॅकवरून काढताना किती फेरे फिरला ते मोजून लिहा, नव्या रॅकवर तितकेच फिरवा.

खरी गोम पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) जॉइंटला आहे, जिथे स्टीअरिंगकडून येणारा दांडा त्याच्या शाफ्टला जोडतो. तिथला बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आरपार जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. आधी जॉइंट आणि शाफ्टवर खडूने खूण करा. नवा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा, स्टीअरिंग सरळ धरा आणि मगच जोडा. हे चुकलं तर एका बाजूला गाडी कमी वळते.

रॅक गाडीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे रबरी बुश नवेच टाका. स्प्लिट पिनाही नव्या. शेवटी अलाइनमेंट (चाकांची दिशा तपासून जुळवणं), नाहीतर टायर एका कडेने झिजतात.