अस्वलाच्या पाठीवरचे केस

कोल्हापूर, भाद्रपद शुद्ध चतुर्थी

आज गणपती बसले. रात्री चंद्र बघायचा नाही, चुकून दिसलाच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकायची. श्रीकृष्णावर आलेल्या चोरीच्या आळाची कथा म्हणून ती सांगतात. मला ती अस्वलाची वाटते.

भागवतात अस्वलांचा राजा जांबवान तो मणी गुहेत आणून पोराला खेळायला देतो. अनोळखी माणूस एकटाच आत शिरतो, पोराची दाई किंचाळते आणि समोर कोण आहे हे न ओळखताच जांबवान तुटून पडतो. झुंज 28 दिवस चालते.

रानातलं अस्वल असंच वागतं. नाक तिखट, नजर मात्र अधू. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. वारूळ उकरायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटून त्या फटीतून वाळवी ओढायची. तो फुरफुराट लांबवर ऐकू येतो, पण खाण्यात गुंतलेल्या त्याला माणसाची चाहूल लागत नाही. चार पावलांवर आलात की ते दचकतं आणि अंगावर येतं. जवळ पिल्लं असतील तर विचारूच नका. ते गुदगुल्या करून मारतं हे साफ खोटं. बोटभर नख्यांनी ते चेहरा आणि डोकं फाडतं.

म्हणून राधानगरी-दाजीपूरकडच्या रानात मोठ्यानं बोलत चालावं. पहाटे, तिन्हीसांजेला जाळीत शिरू नये. ताजं उकरलेलं वारूळ किंवा जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की आल्या वाटेनं मागं फिरावं. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसासारखा, पुढच्या पायाच्या ठशात मात्र बोटांच्या बराच पुढं नख्या उमटलेल्या.

दरवेशाचं अस्वल आठवलं की जीव कळवळतो. पिल्लाच्या नाकाडातून तापलेली सळई आरपार घालून दोरी ओवत, सुळे तोडत. दोरीला हिसका बसला की मस्तकात कळ जाई, ते मागच्या पायांवर उभं राही, आणि लोक त्याला नाच म्हणत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतरही हे कित्येक वर्षं चाललं. भीती जावी म्हणून आया लेकरांना त्या अस्वलाच्या पाठीवर बसवत, त्याचे केस ताइतात घालून गळ्यात बांधत.

रानात त्याच केसांना घट्ट धरून अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवरून महिनोन्महिने हिंडतात.