स्मिथफील्ड : एव्हा गार्डनरच्या बोलीचं गाव

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला भावाकडे येऊन मला तीन आठवडे झाले होते. समुद्र पाहून झाला, डोंगर पाहून झाले, देवळात जाऊन झालं. "आता कुठे?" असं भावाने विचारल्यावर मी स्मिथफील्ड म्हटलं. त्याला वाटलं, तिथल्या आउटलेट मॉलमध्ये खरेदीला जायचंय. मग त्याला सांगितलं, हॉलिवूडची जुनी नटी एव्हा गार्डनर, तिच्या गावाला जायचंय. तो इथे सोळा वर्षं राहतोय, त्या गावावरून शेकडो वेळा गेलाय, पण ती इथली हे त्याला माहीत नव्हतं.

एव्हा माझ्या आयुष्यात आली ती भुसावळमुळे. बाबा रेल्वेत होते, आमचं बालपण रेल्वे कॉलनीत गेलं. घरात इंग्रजी पुस्तकं मोजकी, त्यातलं एक जॉन मास्टर्सचं 'भोवानी जंक्शन'. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचं एक रेल्वेगाव आणि तिथली अँग्लो-इंडियन मुलगी व्हिक्टोरिया जोन्स. कॉलनीत पूर्वी राहणाऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांच्या आठवणी बाबा सांगायचे, त्यामुळे ते गाव मला आमचंच वाटायचं. या कादंबरीवरचा 1956 चा सिनेमा मी फार उशिरा, पुण्यात संसार थाटल्यावर पाहिला. व्हिक्टोरियाचं काम एव्हाने केलंय. स्टेशनच्या फलाटावर गर्दीतून वाट काढणारी ती बाई पाहिली आणि ही कोण, कुठची, हे शोधत बसले. तंबाखूच्या शेतकऱ्याची मुलगी निघाली.

आम्ही सकाळी साडेआठला निघालो. गाडी भाची चालवत होती. रॅली शहराच्या दक्षिणेकडून इंटरस्टेट 40 धरला की स्मिथफील्ड पाऊण तासावर. अर्ध्या वाटेनंतर नव्या वसाहती विरळ होतात, दोन्ही बाजूंना पाइनची झाडी आणि मधे मधे शेतं. ऑगस्ट चालू होता. तंबाखू पुरुषभर उंच, शेंडे खुडलेले, कुठे एखादं गुलाबी फूल राहून गेलेलं. खालची पानं आधी पिकतात म्हणून ती आधी काढतात, त्यामुळे काही शेतांत झाडं खालून उघडी आणि वरून गच्च दिसत होती. ही पानं भट्टीत आठवडाभर उष्णतेवर सुकवतात तेव्हा ती सोन्यासारखी पिवळी होतात. बांधावर जुनी, उंच, लाकडी भट्टीघरं अजून उभी आहेत. आत आता बहुधा काही नसतं, पण लोकांनी ती पाडलेली नाहीत.

एव्हा लव्हिनिया गार्डनर 24 डिसेंबर 1922 ला या गावाबाहेरच्या ग्रॅबटाउन नावाच्या वस्तीत जन्मली. सात भावंडांत धाकटी. वडील जोनस आणि आई मॉली तंबाखू पिकवायचे. एक भाऊ लहानपणीच स्फोटाच्या अपघातात गेला होता. पुढे जमीन हातची गेली, तेव्हा आईने ब्रॉग्डेनच्या शाळेतल्या शिक्षिकांची खानावळ चालवायला घेतली. शिक्षिका राहायच्या त्याच घरात हे कुटुंबही राहायचं. पुढे तेही बंद पडलं आणि मॉली व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजला जाऊन गोदी कामगारांना जेवू घालू लागली. एव्हा पंधरा वर्षांची असताना वडील गेले. पुन्हा कॅरोलायना, पुन्हा रॉक रिज नावाच्या गावात शिक्षिकांची खानावळ. डबे करून पोरं वाढवणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्यात. म्हणून संग्रहालयात मॉलीचा फोटो आला तिथे मी बराच वेळ उभी होते.

संग्रहालय ईस्ट मार्केट स्ट्रीटवर, गावाच्या मधोमध, विटांच्या इमारतीत आहे. सुरुवातीला एका छोट्या दालनात तिच्यावरची फिल्म दाखवतात, मग आपण आपलं फिरायचं. पोस्टरं, पोशाख, दागिने, पत्रं. काउंटरवरच्या सत्तरीच्या बाईंनी आमचं स्वागत केलं. त्यांनी तिचं नाव उच्चारलं आणि मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. आपण 'एव्हा' म्हणून मोकळे होतो. त्यांच्या तोंडी पहिला स्वर लांब, वळण घेत, जरा खाली उतरत जातो आणि 'व्हा' हवेत सुटतो. 'आर' अर्धवट विरतो, शब्दाच्या शेवटचा 'ग' गळून पडतो. भाची या देशात वाढली, तरी तिलाही त्यांचं एखादं वाक्य दोनदा ऐकावं लागलं. एव्हाची जन्मभाषा ही. आणि ती जगाने पडद्यावर जवळजवळ ऐकलीच नाही.

1941 मध्ये ती थोरल्या बहिणीकडे, बॅपीकडे, न्यूयॉर्कला गेली. वय अठरा. विल्सन गावातल्या अटलांटिक ख्रिश्चन कॉलेजात सेक्रेटरीच्या कामाचं शिक्षण चालू होतं, स्वप्न त्या नोकरीपलीकडचं नव्हतं. बॅपीचा नवरा लॅरी टार फोटोग्राफर. त्याने मेहुणीचा फोटो काढून फिफ्थ अव्हेन्यूवरच्या स्टुडिओच्या काचेत लावला. हॉलिवूडच्या एमजीएम या सिनेमा कंपनीची मालक असलेल्या लोएवमध्ये काम करणाऱ्या एका तरुण कारकुनाने तो पाहिला आणि या मुलीचा फोन नंबर मिळावा म्हणून चौकशी केली. नंबर त्याला मिळाला नाही, पण त्या चौकशीतून तिचे फोटो कंपनीपर्यंत पोचले. चाचणी ठरली. तिने तोंड उघडलं आणि चाचणी घेणाऱ्यांना तिचं बोलणं कळेना. म्हणून हॉलिवूडला जी फिल्म पाठवली ती मुकी होती. इकडे बघ, तिकडे बघ, चाल, बस. आवाज नाहीच. त्या मुक्या फिल्मवर तिला सात वर्षांचा करार मिळाला, आठवड्याला 50 डॉलर.

हे त्या भिंतीवर वाचताना माझा घसा दाटून आला, आणि त्याचं कारण एव्हा एकटी नव्हती. भुसावळहून पुण्याला कॉलेजात आले तेव्हा मी एका नाट्यस्पर्धेच्या तालमीला गेले होते. आमच्याकडे घरात आजी 'ळ' चा 'य' करून बोलायची. केयी, डोये, जयगाव. शाळेत मी शुद्ध बोलायला शिकले होते, पण तालमीत भरात आले आणि 'डोळे' च्या जागी 'डोये' निघून गेलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मला संवाद नसलेली भूमिका मिळाली. दिसायला चांगली आहेस, उभी राहा, असं सांगितलं गेलं. मी उभी राहिले. पुढची कित्येक वर्षं बोलण्याआधी प्रत्येक शब्द मनात तपासून घ्यायची सवय लागली ती तिथून. घरी आजीशी बोलतानासुद्धा मी 'केळी' म्हणायला लागले होते आणि तिने त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

एमजीएमने एव्हाला उच्चार शिकवणाऱ्या गर्ट्रूड फोगलर यांच्याकडे पाठवलं. कॅरोलायना तिच्या जिभेवरून पुसून काढायची, हे काम. पहिली चार-पाच वर्षं तिला मिळाली ती गर्दीतली, नाव नसलेली, एखाद्या वाक्याची कामं. 1942 मध्ये त्या काळचा प्रचंड लोकप्रिय नट मिकी रूनी याच्याशी लग्न झालं, ते वर्षभरात मोडलं. 1943 मध्ये आई कर्करोगाने गेली. मग वादक आर्टी शॉशी लग्न, तेही वर्षभराचं. फ्रँक सिनात्राशी तिसरं, 1951 ते 1957. या लग्नांवर संग्रहालयात बरंच काही आहे आणि लोक तिथेच रेंगाळतात. मला मात्र वाटतं, या बाईबद्दल लिहिणाऱ्यांनी तिच्या नवऱ्यांवर जितकी शाई खर्च केली त्याच्या निम्मी जरी तिच्या कामावर केली असती तरी आज ती वेगळी आठवली गेली असती.

काम दिसलं ते 1946 मध्ये, 'द किलर्स' मधून. एमजीएमने तिला युनिव्हर्सलला उसनी दिली होती. काळ्या सॅटिनचा पोशाख, पियानोशेजारी ती, आणि समोर पहिल्याच सिनेमात असलेला बर्ट लँकेस्टर. 1953 च्या 'मोगॅम्बो' साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. तो सिनेमा 1932 च्या 'रेड डस्ट' वरून नव्याने केलेला. लहानपणी 'रेड डस्ट' तिने आईबरोबर पाहिला होता, आईला क्लार्क गेबल फार आवडायचा. एकवीस वर्षांनी त्याच गेबलसमोर केनियात मुलगी उभी राहिली. मॉली ते पाहायला नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते 1951 च्या 'शो बोट' ने. त्यात ती ज्युली, मिश्र वंशाची गायिका. हे उघड झाल्यावर तिला बोटीवरचं काम सोडावं लागतं. एव्हाने गाण्यांवर जीव तोडून मेहनत घेतली, स्वतःच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित केली. सिनेमा आला तेव्हा पडद्यावर तिच्या ओठांतून ॲनेट वॉरेनचा आवाज येत होता. तिचा स्वतःचा आवाज राहिला फक्त गाण्यांच्या रेकॉर्डवर. या भूमिकेची आस तिची मैत्रीण लीना हॉर्नला होती, तीही एमजीएमचीच, कृष्णवर्णीय आणि खरीखुरी गायिका. पण गोऱ्या नटाबरोबर कृष्णवर्णीय नटीचा संसार पडद्यावर दाखवायला हॉलिवूडच्या तेव्हाच्या निर्मिती संहितेत, म्हणजे सिनेमात काय चालेल याच्या नियमांत, मनाई होती. एकीला भूमिका नाकारली आणि दुसरीला त्याच भूमिकेत आवाज नाकारला. मी रेकॉर्डवरचा एव्हाचा आवाज नंतर घरी शोधून ऐकला. किंचित थकलेला, गुणगुणल्यासारखा. ज्युलीला तोच शोभला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा मिश्र वंशाची बाई, माझी व्हिक्टोरिया जोन्स. 'भोवानी जंक्शन' ची गोष्ट हिंदुस्थानातली, पण एमजीएमचं भारत सरकारशी जमलं नाही, म्हणून जॉर्ज कुकर यांनी चित्रीकरण लाहोरला केलं. बाबा म्हणायचे तो भुसावळचा फलाट मी पडद्यावर शोधत होते, तो लाहोरचा होता. गोऱ्यांत गोरी नाही, देशींत देशी नाही, अशी ती मुलगी. ती साडी नेसून पाहते, परत फ्रॉक घालते, आणि आपण कोण हे तिला कुठेच धड सांगता येत नाही. एव्हाच्या चेहऱ्यावर जे चाललेलं असतं ते कुठल्याही शिकवणीतून येणारं नाही. पंधरा वर्षं आपल्याच बोलीपासून दूर ठेवलेली बाई ती. मला ते तिथे दिसतं.

'भोवानी' आला तोवर तिने स्पेनमध्ये घर केलं होतं, आणि 1968 पासून शेवटपर्यंत ती लंडनला राहिली. मधे 1964 चा 'द नाइट ऑफ द इग्वाना', जॉन ह्यूस्टनचा, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा. सैल शर्ट, विस्कटलेले केस, मोठ्याने हसणारी हॉटेलवाली मॅक्सीन. तिच्या सगळ्या भूमिकांत मला ही पहिली वाटते.

हे संग्रहालय ज्या माणसामुळे उभं राहिलं त्याची गोष्ट काउंटरवरच्या बाईंनी स्वतःहून सांगितली, कौतुकाने. एव्हा विल्सनच्या कॉलेजात असताना टॉम बँक्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा तिथल्या मुलींची खोड काढायचा. एकदा एव्हाने त्याला पकडून गालाचा पापा घेतला. काही काळाने वर्तमानपत्रात तिचा फोटो पाहून त्याने कात्रण ठेवलं, आणि ते जमवणं पन्नास वर्षं चाललं. तो मानसशास्त्रज्ञ झाला, लग्न झालं, पुढे बायको लोरेनही जमवू लागली. ब्रॉग्डेनचं ते शिक्षिकांचं घरच त्यांनी विकत घेतलं आणि उन्हाळ्यात तिथे संग्रह मांडू लागले. बर्ट फायफर नावाच्या डच चित्रकाराने वर्षाला एक अशी वीस वर्षं तिची चित्रं काढून त्यांना दिली, ती इथे ओळीने लावलेली आहेत. टॉम 1989 मध्ये गेले, पुढच्याच जानेवारीत, 25 तारखेला, लंडनमध्ये एव्हा. लोरेनने सगळा संग्रह गावाला देऊन टाकला.

निघताना त्या बाईंनी नकाशावर दफनभूमीची खूण करून दिली. सनसेट मेमोरियल पार्क, गाडीने काही मिनिटं. गार्डनर कुटुंबाचा मोठा दगड, त्याच्यापुढे आईवडील आणि भावंडांच्या ओळीत एक लहान दगड, तिचं पूर्ण नाव, दोन तारखा. अभिनेत्री वगैरे काही लिहिलेलं नाही. अंत्यविधीला तिच्या नवऱ्यांपैकी कुणी आलं नव्हतं, गावातले लोक होते. लंडनमधला तिचा कुत्रा मॉर्गन आणि घर सांभाळणारी कार्मेन यांना नट ग्रेगरी पेकने आपल्या घरी नेलं. दगडाशी कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं खोचली होती. भाचीने वाकून ती सरळ केली.

परतीच्या वाटेवर एका टपरीसमोर मोठं पातेलं उकळताना दिसलं. खाऱ्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, पिशवीतून पाणी गळतंय. म्हातारे आजोबा देताना काहीतरी म्हणाले, ते दोघींनाही नीट कळलं नाही, पण परत या असंच असावं. सावलीत बसून खात होतो. तिकडे भुसावळला रात्रीचे साडेनऊ वाजले असतील म्हणून आईला फोन लावला. ती चौऱ्याऐंशीची आहे, आजीसारखंच बोलते.

"काय खाऊन रायली व?" तिने विचारलं.

"शेंगा," मी म्हटलं. "उकडेल शेंगा. डोयाले पानी आलं खाता खाता."

फोनवर आई जराशी थांबली, आणि मग शेंगा किती शिट्ट्यांवर उकडायच्या ते सांगू लागली.