जिथे कुणाचाच जन्म झाला नव्हता, ते गाव

इंग्लंडमधल्या कुटुंबांचे पूर्वज शोधून देणं हा माझा व्यवसाय. पूर्वज कागद गिरणीतला असला की मी आडनावाच्या मागे लागण्याआधी नद्यांचा नकाशा उघडते. चाक फिरवायला आणि चिंध्यांचा लगदा करायला भरपूर स्वच्छ पाणी लागायचं, म्हणून गिरण्या ठरावीक खोऱ्यांतच होत्या: केंटमध्ये मेडस्टोनच्या आसपासचे ओढे, सॉमरसेटमध्ये वूकी होलची अ‍ॅक्स नदी, हाय विकमची वाय. काम संपलं की कारागीर एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचा. मालकांचं बरं असतं. त्यांच्या विम्याच्या पॉलिसी सापडतात, दिवाळं निघालं तर सरकारी गॅझेटात नाव येतं. कामगाराचं नाव मात्र बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यापलीकडे क्वचितच कागदावर येतं.

त्या दिवशी हातात असलेलं प्रकरण एका निवृत्त बाईंचं होतं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले की खापरपणजोबा बायकोमुलांना टाकून निघून गेले. वंशवृक्षात त्यांच्या नावापुढे तसं लिहूनही ठेवलेलं. ते कागद बनवायचे, एवढंच बाईंना ठाऊक होतं.

१८५१ची जनगणना आधी काढली, कारण जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, तिच्यात पहिल्यांदा नोंदली गेली. केंटमधलं एक छोटं गाव, विधवा आई आणि तीन मुलं. आईचा आणि थोरल्या मुलीचा जन्म वूकीचा, मधल्याचा विकमचा, धाकटीचा हर्टफर्डशरमधल्या हेमेल हेम्पस्टेडचा. चारही जन्म कागदाच्या गावांतले. मग १८४१ची जनगणना पाहिली. तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, त्यामुळे वयांवर मी फारशी विसंबत नाही. पण ‘याच काउंटीत जन्म झाला का?’ या रकान्यात चौघांपुढेही ‘नाही’ होतं. ज्या गावात घरातल्या कुणाचाच जन्म झालेला नाही, तिथे एक विधवा तीन लेकरं घेऊन कशाला येईल? माहेर सॉमरसेटचं, शेवटचं बिऱ्हाड हर्टफर्डशरचं, आणि ही केंटमध्ये!

या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच्या गरीब-कायद्यात, म्हणजे गरिबांना मदत देण्याच्या कायद्यात होतं. १६६२पासून माणूस मदतीला पात्र ठरायचा तो आपल्या हक्काच्या पॅरिशमध्येच. उमेदवारी केलेल्याची, म्हणजे मालकाकडे राहून काम शिकलेल्याची, हक्काची पॅरिश म्हणजे त्या काळात तो जिथे शेवटचे ४० दिवस राहिला ती. बायकोला नवऱ्याची पॅरिश लागायची, मग तिने ते गाव जन्मात पाहिलेलं नसलं तरी. विधवेने मदत मागितली की दंडाधिकारी तिची जबानी घेत आणि तिला तिकडे धाडून देत. १८३४नंतर तर त्या जबानीची प्रत तिकडच्या पॅरिशला पाठवावीच लागे. म्हणजे शोधायचं ते केंटच्या त्या गावाच्या कागदांत.

अभिलेखागारात त्या पॅरिशचं गाठोडं सोडलं. वरचे सगळे हिशेबाचे कागद. खाली घड्या घातलेल्या जबान्या, त्यांत तिची. साल १८३८. खाली सहीच्या जागी शाईची फुली, एक रेघ दुसरीपेक्षा जाड, आणि भोवती कारकुनाने लिहिलेलं तिचं नाव. मला वाचताना मध्येच थांबावं लागलं.

जबानीत अख्खा संसार होता. नवऱ्याने १४व्या वर्षापासून सात वर्षं मेडस्टोनजवळ लूज ओढ्याकाठच्या गिरणीत उमेदवारी केली. पुढे तो हौदावरचा कारागीर झाला. दोन्ही हातांनी साचा लगद्यात बुडवून उचलायचा आणि एका ठरावीक झटक्याने हलवून तंतू एकमेकांत बसवायचे, हे त्याचं काम. तो झटका हातातून गेला की माणूस हौदावरून उतरला. १८०३ साली हर्टफर्डशरच्या फ्रॉगमोर गिरणीत कागदाचं यंत्र चालू झालं होतं आणि १८३०च्या दशकात हौद एकेक करून बंद पडत होते. हेमेल हेम्पस्टेडमधलं त्याचं काम सुटलं. कारागिरांच्या संघटनेचं कार्ड खिशात घालून तो पायी निघाला. ते कार्ड दाखवलं की वाटेतल्या गिरणीतले कामगार थोडे पैसे देत, म्हणजे पुढची गिरणी गाठता येई. सरे काउंटीत तो तापाने गेला. जबानीतल्या तारखेवरून मृत्यूचा दाखला मागवला. १८३७च्या जुलैपासून नागरी नोंदणी सुरू झालेली असल्यामुळे तो मिळाला. व्यवसायाच्या जागी ‘कागद बनवणारा’.

फोनवर हे सांगितलं तेव्हा बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, १८३०च्या नोव्हेंबरात विकमच्या बाजूला कामगारांनी कागदाची यंत्रं फोडली, त्यात ते होते का? प्रश्न रास्त होता, कारण मधल्या मुलाचा जन्म त्याच्या आदल्याच वर्षी विकमला झालेला. १८३१च्या जानेवारीत एल्सबरीला चाललेल्या खटल्यांतल्या आरोपींची नावं मी तपासली. त्यांचं नाव त्यात नाही. त्यामुळे अहवालात मी ते सुचवलंसुद्धा नाही. नुसत्या जवळिकीवरून पूर्वजाला बंडखोर ठरवणं मला पटत नाही.

त्या विधवेचं काय, हे मात्र मी आवर्जून लिहिलं. १८४१च्या जनगणनेत तिच्यापुढचा व्यवसायाचा रकाना कोरा आहे. जबानीत मात्र ती आणि थोरली मुलगी चिंध्या कापत असल्याचं स्पष्ट आहे. हे काम बायकांचंच. टेबलात उभं पातं रोवलेलं असे, त्यावर कापड ओढून शिवणी आणि बटणं काढायची, आणि तुकडे करायचे. टेबलाच्या जाळीतून धूळ खाली पडे, उरलेली छातीत जाई.

वंशवृक्षातली ‘घर सोडून गेले’ ही ओळ बाईंनी काढून टाकली आणि तिथे मृत्यूची तारीख व गाव लिहिलं. खापरपणजीच्या नावापुढे त्यांनी ‘चिंध्या कापणारी’ अशी नोंद केली. थोरल्या मुलीने कुणाशी लग्न केलं, ते आता शोधते आहे. तिचा नवराही कागदवालाच निघाला, तर पुढचं खोरं कोणतं ते कळेल.