आजीच्या भावाचा शोध: डिचोली, बेळगाव, फोर्ली

सर्वपित्री अमावास्येला बाबा पिंड द्यायचे, त्यात एक त्यांच्या थोरल्या मामाच्या नावाचा असे. तिथी ठाऊक नाही म्हणून अमावास्येला. हा मामा लढाईत गेला, बर्मात गेला, एवढंच आमच्या डिचोलीच्या घरात सांगितलं जायचं. पलटण कुठली, साल कुठलं, वय काय, कुणालाच सांगता येत नव्हतं.

आजीचं माहेर दोडामार्गाच्या पलीकडे, जुन्या सावंतवाडी संस्थानात. आज गाडीने अर्ध्या तासात जाता येतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा मध्ये पोर्तुगीजांची चौकी होती. तरी जाणं-येणं होतं. पण 1955 मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली आणि त्यानंतर गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे 19 डिसेंबर 1961 पर्यंत, आजीला माहेरचं दार जवळपास बंदच झालं. आईवडील त्याच काळात गेले. भावाचे कागद तिकडे राहिले आणि इकडे उरली फक्त ऐकीव गोष्ट. त्या गावांतले लढाईवर गेलेले पुष्कळजण बर्मातून परत आले होते, म्हणून हाही बर्मातच गेला असं आमच्याकडे धरून चालले असावेत.

गेल्या चतुर्थीला आजोळी गेलो होतो. बाबांचे मामेभाऊ, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणतो, आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी विषय काढल्यावर त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवून घेतली. आत पदकं, एक पत्र आणि पेन्शनचं पुस्तक.

पदकांवर नाव नव्हतं.  पण एक सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा होता आणि त्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी पाच पट्ट्यांची. हा इटली स्टार. इटली आणि आसपासच्या मोहिमांत असलेल्यांना तो मिळे. पत्र वाचल्यावर तर शंकाच उरली नाही. सेन्सॉरचा शिक्का, ठिकाणाचं नाव नाही, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं वळणदार अक्षर. त्यात भात कापून झालं का, बैल विकला का, अशी चौकशी होती आणि इकडे बर्फ पडतं, असं एक वाक्य. बर्मात गेलेल्या आमच्या गावच्या कुणी बर्फाचं नाव कधी काढलं नव्हतं.

खरी किल्ली निघाली ती पेन्शनच्या पुस्तकात. पुस्तक त्याच्या बायकोचं. त्यावर त्याचा नंबर, हुद्दा शिपाई आणि पलटण: मराठा लाइट इन्फंट्री. ज्यांच्या घरी असा शोध चालू आहे त्यांना मी आधी हेच सांगेन की नंबर शोधा. पदकं, फोटो, तार यांच्या आधी नंबर. तो बहुतेक वेळा विधवेच्या किंवा आईच्या पेन्शनच्या कागदावर सापडतो, आणि हे कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सुमारे 17 लाख जणांच्या नोंदी आहेत आणि त्या फुकट पाहता येतात. नुसतं नाव टाकलं तर सावंत, गावडे, राणे यांच्या रांगाच्या रांगा येतात, शिवाय इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. नंबर टाकल्यावर एकच नोंद समोर आली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. 9 एप्रिल 1945. वय 21. अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, सावंतवाडी. स्मारक: फोर्ली क्रिमेशन मेमोरियल, इटली.

त्याला कबर नाही, कारण त्याचं दहन झालं. फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्ध-दफनभूमी आहे आणि तिथेच, धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशांची नावं असलेलं हे स्मारक. त्याला अग्नी मिळाला होता, हे मी भाऊकाकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आजीला हे कळायला हवं होतं रे."

पुढचा अर्ज बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. सोबत नात्याचा पुरावा, पेन्शनच्या पुस्तकाची प्रत, माझं ओळखपत्र. पणजीत सैनिक कल्याण खात्यात अर्जाचा मजकूर दाखवून घेतला, त्याचा उपयोग झाला. शिपायाचा शीट रोल, म्हणजे नोकरीची सविस्तर नोंद, ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल, म्हणजे थोडक्यातली नोंद, मात्र जपून ठेवतात, असं तिथल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून मी अर्जात लाँग रोलचाच उतारा मागितला. चोर्ला घाटातून बेळगावला मी स्वतः जाऊनही आलो.

उतारा आला तो छोटासाच. भरती 1942, वय 18. बापाचं नाव, गाव, पेटा. उंची. आणि ओळखीची खूण: उजव्या घोट्यावर भाजल्याचा डाग. हे वाचून दाखवताच भाऊकाका म्हणाले, "भात उकडायच्या हंड्याने भाजलेलं ते, माझे बाबा सांगायचे!" चुलीवरून हंडा उतरवताना थोरल्याच्या पायावर कढत पाणी सांडलं आणि धाकट्याला मार बसला, ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. पलटणीच्या कारकुनाने तो डाग पाहून लिहून ठेवला होता.

मग त्या तारखेला काय घडलं ते वाचून काढलं. इटलीत भारताच्या तीन डिव्हिजन लढल्या: चौथी, आठवी, दहावी. पहिली मराठा आठवीत. 1944-45 च्या हिवाळ्यात सेनिओ नदीवर आघाडी थिजून राहिली होती. नदी अरुंद, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध, आणि त्या बांधांत जर्मनांनी खंदक आणि मशीनगनची घरटी खणलेली, पुढे सुरुंग पेरलेले. 9 एप्रिलला दुपारी विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा सुरू झाल्या आणि संध्याकाळी पायदळ नदीत उतरलं. याच दिवशीच्या पराक्रमासाठी याच पलटणीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. दोन जखमींना त्यांनी एकेक करून खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्याने मशीनगन बंद पाडल्या, हाताला गोळी लागल्यावर बॉम्ब फेकले आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्यांना वर बोलावलं. त्याआधी 10 जुलै 1944 ला तिबेर नदीच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे पडले, वय 22, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. 2023 मध्ये इटलीत मोंतोने इथे त्यांच्या नावाचं स्मारक झालं.

आमच्या शिपायाला शौर्यपदक मिळालं नाही. तो बांधापर्यंत पोचला की पाण्यातच पडला, हे कुठल्याच कागदात नाही. पण ती संध्याकाळ, ते पाणी, ती गर्जना त्याच्याही वाट्याला आली होती. इटलीतलं युद्ध 2 मे 1945 ला संपलं. महिनाही उरला नव्हता.

एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या गोव्यात त्याची बहीण नांदत होती तो पोर्तुगालचा, म्हणून युद्धात तटस्थ. मुरगाव बंदरात जर्मन आणि इटालियन जहाजं आसऱ्याला उभी होती, 1943 च्या मार्चमध्ये त्यांतलं एरेनफेल्स हे जर्मन जहाज कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांनी छापा घातल्यावर जळून बुडालं. भावाच्या डोक्यावरचं युद्ध बहिणीच्या बंदरातही येऊन गेलं होतं. तिला ते कधी कळलं की नाही, कोण जाणे.

तारीख मिळाल्यावर गुरुजींकडून तिथी काढून घेतली. यंदा बाबांनी अमावास्येची वाट पाहिली नाही.

काम अजून संपलेलं नाही. कमिशनच्या नोंदीत गावाचं नाव चुकलं आहे, आणि बापाचं नाव आहे पण बायकोचं नाही. तो भरतीहून रजेवर आला तेव्हा लग्न झालं, आणि त्यानंतर तो परत आलाच नाही. आमच्यात तेव्हा पाट लागत असे, पण तिने लावून घेतला नाही. सासरीच राहिली, शेती केली, पेन्शन घ्यायला सावंतवाडीच्या ट्रेझरीत जायची. भाऊकाकांना तिने अंगाखांद्यावर वाढवलं. नोंदीत दुरुस्ती हवी असेल तर कमिशन पुराव्यासह अर्ज घेतं. मी लाँग रोलचा उतारा आणि तिच्या पेन्शनच्या पुस्तकाचं पहिलं पान स्कॅन करून पाठवलं आहे. गावाचं नाव सुधारा, आणि त्याच्या नावापुढे तिचं नाव लिहा, अशी मागणी केली आहे. पोच आली आहे, निर्णय यायचा आहे. आणखी पुरावा मागितला तर तिच्या मृत्यूचा ग्रामपंचायतीचा दाखला काढून ठेवला आहे.